ताप उतरला, म्हणजे रोगी बरा झाला काय?

भिलाईतील सुपेल्याहून मुंबईस, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास आगगाडीने सुमारे अकराशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. औषधाच्या पुढील मात्रेचा दिवस ठरलेला असतो. त्यापूर्वी फ्लू किंवा कोविड झाल्यास, ताप उतरताच निघावे की थांबावे?

निरोगी मनुष्याच्या अनुभवावरून याचे उत्तर काढणे चुकीचे होय. कर्करोगावरील पुष्कळ औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यांत अस्थिमज्जेतील रक्त निर्माण करणाऱ्या पेशीही सापडतात. मात्रेनंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांत श्वेतपेशी सर्वांत कमी होतात. रक्ताच्या काही कर्करोगांत तर प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींचा वंशच औषधाने खुंटतो, आणि खोकला गेल्यावरही विषाणू शरीरात आठवडेच्या आठवडे टिकू शकतो.

तथापि भीतीपोटी उपचार लांबविणेही घातकच. गाठ काही कोणासाठी थांबत नाही. परळच्या रुग्णालयाने २०२० च्या टाळेबंदीतही उपचार चालू ठेवले. त्या वर्षी तेथे पाहणी झालेल्या २३० कोविडबाधित कर्करुग्णांपैकी सुमारे दहा टक्के दगावले. बाकीचे, म्हणजे फार मोठी संख्या, वाचले.

म्हणून सर्वांना एकच मुदत लावणे योग्य नव्हे. रक्तपेशींची गणना, श्वासाची स्थिती व कर्करोगाचा प्रकार पाहूनच निर्णय व्हावा. रक्ताची ही तपासणी गावातही होते. तिचा निकाल परळच्या डॉक्टरांस दूरध्वनीवरून कळवून मगच तिकीट काढावे. ताप १००.४ अंशांवर गेला, तर मात्र क्षणभरही न थांबता जवळचे रुग्णालय गाठावे, आणि चालू औषधांचा कागद तेथे प्रथम दाखवावा.