अर्ध्या फेऱ्याचा हिशेब

मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात इंग्लंडच्या जग्वार कंपनीने ई-टाइप ही स्पोर्ट्स कार जगापुढे मांडली. कॉव्हेंट्री शहरात तयार होणाऱ्या या गाडीच्या वेगाचा दावा ताशी 150 मैल, म्हणजे सुमारे 240 किलोमीटर होता. किंमत मात्र सुमारे 2,100 पौंड, त्या काळातील तुल्यबळ गाड्यांच्या मानाने पुष्कळच कमी. पुढील तेरा-चौदा वर्षांत अशा सत्तर हजारांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांपैकी ज्या आज धावत आहेत त्या बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीच्या हाती आहेत. वारशाने आलेली वस्तू सांभाळताना उत्साह आणि संयम यांचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न या गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या निमित्ताने फार स्पष्टपणे समोर येतो.

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात त्या भागाचे नावच थोडे फसवे आहे. रस्त्याचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. परंतु स्प्रिंगने घेतलेला धक्का ही ठेव असते, खर्च नव्हे. दबलेली स्प्रिंग ती ठेव लगेच परत करू पाहते. तिच्यावर अंकुश नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वरखाली झुलत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते. दांडा हलला की ते तेल बारीक झडपांतून कष्टाने वाट काढते आणि गतीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप म्हणूनच हाताला कोमट लागतो. हिशेब तेथे खऱ्या अर्थाने चुकता होतो.

ई-टाइपला असे सहा शॉकअप आहेत. पुढे दोन, तेथे स्प्रिंगचे काम पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या करतात. मागे चार, म्हणजे प्रत्येक चाकाला दोन, आणि त्या प्रत्येकाभोवती गुंडाळीची स्प्रिंग. मूळचे शॉकअप झिजल्यावर अनेक मालक हॉलंडच्या कोनी कंपनीचे, घट्टपणा बदलता येणारे शॉकअप बसवतात. या कंपनीची कथा व्यापारी घराण्यांना आपलीशी वाटावी अशी आहे. 1857 मध्ये डी कोनिंग या गृहस्थांनी घोड्यांचे साज बनविण्याचा धंदा सुरू केला. मोटारी आल्या आणि घोडे रस्त्यावरून हटू लागले, तेव्हा पेढीने काळाची पावले ओळखली व 1932 मध्ये शॉक अॅब्सॉर्बरचे उत्पादन आरंभिले. ग्राहक तोच राहिला, प्रवासी. साधन तेवढे बदलले.

कोनीच्या जुन्या, लाल रंगाच्या प्रकारात बदल करता येतो तो केवळ उसळीच्या दिशेचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग सुटताना होणाऱ्या विरोधाचा. त्यासाठी शॉकअप गाडीवरून उतरवावा लागतो. मागील चारांच्या बाबतीत स्प्रिंग दाबून धरणारे योग्य अवजार अनिवार्य आहे. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर हात मोडू शकतो. ज्याच्याजवळ ते अवजार नाही त्याने हे काम जाणत्या कारागिरावर सोपवावे, यात कमीपणा नाही.

पुढची कृती साधी आहे, पण क्रम मोडून चालत नाही. आत रबरी बफर असल्यास तो काढावा. शॉकअप उभा धरून त्याचे खालचे टोक पक्के करावे. दांडा पूर्ण खाली दाबून हळूहळू डावीकडे फिरवावा. आतील खाचेत काहीतरी अडकल्याचे हाताला जाणवते. तसाच दाबून ठेवून आणखी डावीकडे फिरवत अटकाव लागेपर्यंत अर्धे फेरे मोजावेत. ही झाली आरंभीची शिल्लक. अटकावापुढे जोर करू नये. तेथून उजवीकडे दिलेला प्रत्येक अर्धा फेरा घट्टपणा वाढवतो. साधारणतः पाच अर्ध्या फेऱ्यांपर्यंत वाव असतो. शेवटी दांडा न फिरवता निदान एक सेंटिमीटर सरळ वर ओढावा, म्हणजे आतील जुळणी सुटते. ही शेवटची पायरी विसरली तर पुढे दांडा सहज फिरला तरी केलेले माप बिघडते.

प्रत्यक्षात चूक होते ती कृतीत नव्हे, हव्यासात. वडिलांची गाडी हाती आलेला तरुण अनेकदा विचार करतो की, शर्यतीची गाडी घट्ट असते, तेव्हा सर्व सहाही शॉकअप शेवटच्या फेऱ्यापर्यंत आवळावेत. गुळगुळीत रस्त्यावर त्याला आपला निर्णय योग्यच वाटतो. परंतु इंग्लंडच्या गावाकडील अरुंद, उंचसखल रस्त्यावर एकामागून एक उंचवटे येतात. उसळीला विरोध अति असल्याने पहिल्या उंचवट्यावर वर गेलेले चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो. गाडी हळूहळू आपल्याच चाकांवर बसत जाते, स्प्रिंगला हालचालीस जागा उरत नाही आणि टायरची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. तो क्षण पावसाने ओल्या झालेल्या वळणावर आला, तर शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. अति सैल शॉकअप गाडीला झुलवतो व आपला दोष लगेच उघड करतो. अति घट्ट शॉकअप मात्र आत्मविश्वास देतो आणि ऐनवेळी दगा देतो.

म्हणून जाणते मालक सैल टोकापासून आरंभ करतात. आधी टायरमधील हवा आणि रबरी बुश तपासतात, कारण झिजलेल्या बुशचा दोष शॉकअपच्या खाती टाकला जाऊ नये. मागील चारही शॉकअपचे फेरे समान ठेवतात, पुढील दोन्ही परस्परांत समान. एका वेळी अर्धाच फेरा, मग ओळखीच्या त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फेरी. उंचवट्यानंतर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली की हात थांबवतात. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहितात. जो बदल लिहिलेला नाही तो उलटवता येत नाही.

पाचांपैकी तीन-चार अर्धे फेरे न वापरता शिल्लक राहिले, तर ते वाया गेले असे अनेकांना वाटते. वस्तुतः ही सोय मुळात झिजेची भरपाई करण्यासाठी आहे. वर्षे जातील, झडपा थोड्या सैलावतील, तेव्हा तो राखून ठेवलेला अर्धा फेरा उपयोगी पडेल. आणि वहीतील नोंद पाहून तो देणारा हात कदाचित पुढच्या पिढीचा असेल.