नुसते ऐकू नका, उत्तर द्या!



रेल्वे कामगाराला ‘कोचिंग’ म्हटले की कोचिंग डेपो आणि पिट लाइनवर उभा असलेला रेक आठवतो. पोस्टातल्या साथीला मुलाच्या क्लासची फी आठवते. आता शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी या शब्दाचा तिसराच अर्थ निघाला आहे. मुख्याध्यापकाने हुकूम सोडू नये, प्रश्न विचारावेत; शिक्षकाचे शांतपणे ऐकून घ्यावे; उत्तर त्याचे त्यालाच सापडू द्यावे. याचे नाव कोचिंग. सरकारही मागे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले असून मुख्याध्यापकांसाठी त्यात नेतृत्वाचे धडेही आहेत.

या कौशल्याला आमचा विरोध नाही. ज्या शाळेत मुख्याध्यापक नुसता ओरडतो, तिथे शिक्षक गप्प बसतात, पालक फाटकाबाहेर ताटकळतात आणि मूल एक दिवस यायचेच बंद होते. ‘रोज उशीर का?’ असे दरडावण्याऐवजी ‘सकाळी घरी काय काय करावे लागते?’ असे विचारले, तर पाण्याची रांग आणि धाकट्या भावंडाची राखण बाहेर येते. असा मुख्याध्यापक आमच्या मुलांना हवाच आहे. आमचा सवाल पुढचा आहे. ऐकल्यानंतर काय?

बेंगळुरूचे कोरमंगला पाहा. पोस्टातल्या साथींना ते ५६००३४ या पिन क्रमांकाने ठाऊक असेल. २००७ साली इथल्याच एका फ्लॅटमधून फ्लिपकार्ट सुरू झाली आणि पुढे हा भाग नव्या कंपन्यांचे माहेरघर बनला. कोचिंग, लीडरशिप, ‘ओपन डोअर’ ही भाषा अशाच कंपन्यांच्या कचेऱ्यांत रुळली आहे. पण याच कोरमंगल्याला लागून एजीपुरा आहे. तिथल्या दुर्बल घटकांच्या वसाहतीवर जानेवारी २०१३ मध्ये महानगरपालिकेने बुलडोझर फिरवला. सुमारे १,५०० कुटुंबे उघड्यावर आली, तीही वार्षिक परीक्षा तोंडावर असताना. त्यातले एखादे मूल शाळेत आले, तर जगातला सर्वांत कनवाळू मुख्याध्यापक त्याचे दुःख ऐकून घेईल. पण छप्पर देणे त्याच्या हातात नाही आणि बुलडोझर थांबवणेही नाही. ज्यांच्या हातात होते, त्यांना ऐकण्याचे प्रशिक्षण कोणी दिले?

कामगार चळवळीला हा खेळ जुना आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात कंपनीने २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. कामगाराने मन मोकळे करायचे, मुलाखत घेणाऱ्याने मान डोलवायची. मन हलके झाले, पण वेतन आणि नोकरीचा निर्णय मालकाच्याच मुठीत राहिला. मंदी आली तेव्हा त्याच कारखान्यातून कामगारांना घरी पाठवले गेले. पुढे १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी ‘सक्रिय श्रवण’ या नावाची पुस्तिका लिहिली. ती शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने काढली, हे ध्यानात घ्या. म्हणजे आज मुख्याध्यापकाला शिकवली जाणारी ही विद्या कारखान्याच्या फाटकातून फिरून शाळेत आली आहे.

आता मुख्याध्यापकाची अवस्था पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा जास्त मुले असतील, तरच मुख्याध्यापकाचे वेगळे पद. दोन शिक्षकी शाळेत एकच माणूस दोन-तीन वर्ग शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. तरीही महाराष्ट्रातले शिक्षक अशैक्षणिक कामांविरुद्ध आणि मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या आदेशाविरुद्ध सप्टेंबर २०२४ मध्ये रस्त्यावर उतरले. ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, त्याला श्रवणाचे धडे देणे म्हणजे नळाला पाणी न सोडता घागर कशी धरावी ते शिकवणे होय!

काही जण म्हणतील, ऐकायला पैसा लागत नाही, तेवढे तर सुरू करा. खुशाल करा. पण ऐकायला वेळ लागतो, वेळाला माणूस लागतो आणि माणसाला मंजूर पद लागते. पद भरायचे नाही आणि माणसाने मात्र गोड बोलावे, ही अपेक्षा म्हणजे जबाबदारी वरून खाली ढकलणे आहे.

ऐकणे कसे असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रेल्वेत १९५२ पासून पीएनएम आहे, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून जेसीएम आहे. त्यात दोष आहेत, बाबी वर्षानुवर्षे रेंगाळतात. पण तिथे विषयाला क्रमांक असतो, इतिवृत्त लिहिले जाते, प्रशासनाला उत्तर द्यावे लागते आणि पुढच्या बैठकीत तोच कागद पुन्हा टेबलावर ठेवता येतो. साहेबाच्या सहानुभूतीवर ते अवलंबून नाही. शाळेतही अशी जागा कायद्याने दिली आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे कामच आहे. अनेक ठिकाणी मात्र ती सहीपुरती उरली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक द्या, पटसंख्येची सबब नको. अशैक्षणिक कामे बंद करा. शिक्षकाने वा पालकाने मांडलेला प्रश्न लिहून घ्या आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. जे मुख्याध्यापकाच्या अधिकारात नाही, ते वर पाठवा आणि वरच्यालाही उत्तराला बांधा.

आणि साथींनो, एक काम आपलेही आहे. ट्रॅकवरून किंवा बीटवरून थकून आलो म्हणून समितीची बैठक चुकवू नका. तुमची पाळी असेल तर घरातल्या बाईंना पाठवा, निम्म्या जागा त्यांच्याच आहेत. मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. शिक्षकांच्या संघटनेशी बोला, ते आपल्याविरुद्ध नाहीत.

ऐकून घेणारा साहेब आपण पुष्कळ पाहिला. आता उत्तर देणारी व्यवस्था हवी. ती संघटित होऊन मागितल्याशिवाय आजवर कोणाला मिळालेली नाही!