मनालीच्या बर्फात सेडान न्यायचीय? मग ऑल व्हील ड्राइव्हच घ्यावी लागेल का?

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगद्यादरम्यान बर्फामुळे शेकडो गाड्या अडकल्या. घसरणाऱ्या गाड्यांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्यात दणकट एसयूव्हीही होत्या. तरीही हिवाळ्यात नगरहून थेट मनाली गाठायचे बेत थांबत नाहीत आणि नवी सेडान घेताना प्रश्न येतोच : बर्फासाठी कुठली?

आधी पर्याय बघू. स्लाव्हिया, व्हर्टस, सिटी, व्हर्ना या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना ताकद देणारी स्पोर्टी सेडान हवी असेल, तर बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हसारखी, पाऊण कोटीच्या घरातली गाडी बघावी लागते. म्हणजे बहुतेकांसाठी प्रश्न इथंच संपतो.

पण त्यात फार नुकसान नाही. ऑल व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग गाडी जागेवरून हलायला आणि चढ चढायला होतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. त्यामुळे उतारावर थांबताना एक्सड्राइव्ह असो की साधी सेडान, सगळी भिस्त टायरवर. आपले नेहमीचे टायर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतात आणि पकड सोडतात. बर्फासाठीचे विंटर टायर वेगळे असतात, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. उरतात साखळ्या.

साखळ्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायच्या, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या. या गाड्यांत इंजिनाचं वजनही पुढच्याच चाकांवर असतं, त्यामुळे बर्फात त्या रिअर व्हील ड्राइव्हपेक्षा सांभाळायला सोप्या. साखळ्या लावल्यावर वेग कमीच ठेवायचा आणि कोरडं डांबर लागलं की काढायच्या. त्या लावण्याचा सराव मात्र घरच्या अंगणात करा, सोलंगला गारठलेल्या बोटांनी नको. बर्फ जास्त पडला, तर प्रशासन पुढे फक्त फोर बाय फोर सोडतं. अशा वेळी गाडी मनालीत ठेवून स्थानिक टॅक्सी करणं शहाणपणाचं.

आता थोडा हिशोब. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्या अकोले तालुक्यात, १६४६ मीटर. तिथंही बर्फ पडत नाही. नगरच्या गाडीला बर्फ भेटणार वर्षातून चार दिवस. कल्याणला जाताना माळशेज घाटातला पाऊस मात्र दर वर्षी चार महिने. म्हणून ड्राइव्हट्रेनवर लाखो रुपये घालण्यापेक्षा ईएससी असलेली सेडान घ्या आणि टायरकडे लक्ष द्या. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानंही बाद होतो, पण माळशेजच्या पावसासाठी तो त्याआधीच बदला.