मोडलेला पाटा काय सांगतो

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटे उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल. "पुन्हा पाटा गेला." त्याच्या जोडीला दुसरे, "क्रॉस पण गेला." आणि मग दोघे मिळून दुकानदाराला शिव्या, की हल्ली माल चांगला येत नाही.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंतचे. यंत्रांशी माझा संबंध जीपच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसण्यापुरता. पण चाळीस मुलांच्या वर्गात एकच मुलगा तेच गणित तिसऱ्यांदा चुकला, तर दोष पाटीचा नसतो, एवढे मास्तरकीने शिकवले आहे. एकच भाग तीनदा मोडत असेल तर तिसऱ्यांदा तो भाग विकत घेण्याआधी थांबायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात लोखंड एकदम मोडते ही समजूतच चुकीची. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि कितीतरी माणसे गेली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की एका फटक्यात ज्याने काही होणार नाही असा भारसुद्धा लाखो वेळा दिला तर धातू थकतो. आधी केसासारखी चीर पडते, ती रोज थोडी सरकते, आणि उरलेला भाग एके दिवशी कडकन जातो. म्हणून मोडलेला पाटा भंगारात टाकण्याआधी त्याचे तोंड पाहावे. काही भाग काळपट, गंजलेला आणि काही भाग चकचकीत दाणेदार दिसला, तर समजा की ती चीर जुनी आहे. कालचा खड्डा केवळ निमित्त!

मंडळी, माझा एक जुना विद्यार्थी धडगाव ते तळोदा जीप चालवतो. चांदसैली घाटाचा रस्ता, वळणे तुम्हाला माहीतच आहेत. एका वर्षात त्याचा मागचा डावा मेन पाटा तीनदा मोडला आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस दोनदा गेला. मी त्याला एक शंभर पानी वही दिली आणि रकाने आखून दिले. तारीख, काय मोडले, कोणत्या बाजूचे, कुठे, गाडीत माणसे किती. त्याला हसू आले असावे, पण गुरुजींनी दिलेली वही म्हणून त्याने लिहिली.

ती वही घेऊन आम्ही शहाद्याच्या एका वयस्कर मिस्तरींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाटा नेमका कुठं मोडतो?" तिन्ही वेळा मधल्या बोल्टच्या भोकापाशी. ते म्हणाले, मग पाट्याचा गुन्हा नाही, यू बोल्ट ढिले असणार. आणि तसेच निघाले. पाट्यांची चळत आसावर घट्ट आवळलेली नसली की ती भोकापाशीच वाकत राहते. मधल्या बोल्टचे डोके झिजून गेले होते, त्यामुळे डावीकडे आस किंचित मागे सरकला होता. आस तिरका झाला की शाफ्टचा कोन बिघडतो, आणि चुकीच्या कोनात फिरणारा क्रॉस किती दिवस टिकणार? वर मजबुतीसाठी म्हणून या पठ्ठ्याने दोन पाटे जादा घातलेले. त्याने गाडीची मागची बाजू उचलली गेली, कोनात आणखी भर पडली.

एक गोष्ट मला फार आवडली. शाफ्ट सोडवण्याआधी मिस्तरींनी सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ ओढली. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉसही थरथरून मरतो. आधीच्या कारागिराने ही रेघ ओढली नसावी. खडूचा इतका चांगला उपयोग मी छत्तीस वर्षांत केला नसेल.

आता अवघड भाग. वहीतला शेवटचा रकाना. दहा-बारांच्या गाडीत बाजाराच्या दिवशी बावीस, काठीच्या होळीला त्याहून जास्त, टपावरचे वेगळे. मिस्तरी म्हणाले, सहा माणसे कमी करा. हा म्हणाला, "गुरुजी, सहा माणसं म्हणजे माझं डिझेल." तो खोटे बोलत नव्हता. पाड्यावरच्या बाईला बाजाराला जायचे असते, आजाऱ्याला दवाखाना गाठायचा असतो, एस.टी.च्या फेऱ्या मोजक्या. तिला जागा नाही म्हणणारा जीपवाला कसला माणुसकीचा?

म्हणून मला वाटते, बिघाडाचे निदान गाडीखाली सुरू होते पण तिथे थांबत नाही. मोडलेल्या पाट्याचे कारण ढिला बोल्ट, त्यावरचा भार, आणि त्या भाराचे कारण न आलेली बस. रस्त्याचेही तेच. डोंगराकडचे गटार तुंबले की पाणी डांबरावरून वाहते आणि दरवर्षी त्याच जागी खड्डा पडतो. आपण खड्डा भरतो, गटार तसेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच चांदसैली घाटात उलटली, माणसे गेली. अशा वेळी आपण चालकाला दोष देऊन मोकळे होतो. आठ वर्षांवरच्या प्रवासी गाडीला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो खरा, पण तो रिकाम्या गाडीला मिळतो. घाट चढते ती भरलेली.

असो. यू बोल्ट बदलले, जादा पाटे काढले, काही दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा आवळले. डावा पाटा त्यानंतर मोडलेला नाही. वही तो अजून लिहितो. बाजाराच्या दिवशी मात्र 'माणसे किती' हा रकाना कोरा असतो.