'कडून' कुठे गेला?

"मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला" हे वाक्य गेल्या वीस वर्षांत किती चर्चासत्रांत ऐकले असेल, याची मोजदाद नाही. महानगरीय साहित्यावरच्या निबंधात ते कुठेतरी येतेच. बहुधा दुसऱ्या परिच्छेदात. ते उच्चारताना वक्त्याचा स्वर किंचित खाली येतो, श्रोते माना डोलावतात आणि निबंध 'चाळसंस्कृतीचा ऱ्हास' या उपशीर्षकाकडे सरकतो. माझा आक्षेप या वाक्याच्या व्याकरणाला आहे. मराठीच्या अध्यापकांनी निदान तेवढे तरी तपासायला हवे होते.

'फेकला गेला' हा नवीन कर्मणी प्रयोग. (काही व्याकरणकार त्याला कर्मकर्तरी म्हणतात, तो वाद इथे नको.) या प्रयोगात कर्त्याला 'कडून' लागते, हे आपण शाळेत शिकलो. आपल्या लाडक्या वाक्यात हा 'कडून' नाही. कोणाकडून फेकला गेला, हे विचारायची गरज वक्त्याला वाटत नाही आणि श्रोत्यालाही वाटत नाही. जणू पूर आला आणि माणसे वाहून गेली.

याच्या जोडीला दुसरे एक वाक्य आहे, ते आत्मकथनांतून आणि दिवाळी अंकांतल्या लेखांतून येते: बाबांनी परळची खोली विकली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. इथे कर्ता आहे, पण तो बिचारा बाबा आहे. म्हणजे आपल्याकडे दोनच व्याकरणे उरली. एकात कोणीच कर्ता नाही आणि दुसऱ्यात ज्याच्यावर वेळ आली तोच कर्ता.

हे आता लिहायचे कारण, मी ज्या दिंडोशीत राहतो तिथे घरोघर एक हिशेब चालू आहे. वडिलांच्या नावावरचे एक छोटे घर, दोन भाऊ, दोघांची लग्ने झालेली. अशा घराची वाटणी मध्ये भिंत घालून होत नाही. ते विकले, तर मात्र विरारला किंवा बदलापूरला दोन घरे होऊ शकतात. वाटणी करायची तर घराचे अंतरात रूपांतर करावे लागते: एका भावाच्या वाट्याला दोन तासांची लोकल, दुसऱ्याच्याही वाट्याला तितकीच. कोणी नाशिकचा विचार करतो, कोणी कोकणातल्या घराची कौले बदलून घेतो. या बोलण्यात गावाचा ओढा, मोकळी हवा, मुलांना अंगण असे शब्द येतात. ते खोटे नसतात. पण ते हिशेबानंतर आलेले असतात, आणि आपले ललित लेखन नेमके या नंतर आलेल्या शब्दांनाच कारण समजते.

दिंडोशीच्या बाबतीत हे विशेष खटकते, कारण 'कोणाकडून' या प्रश्नाचे उलट बाजूचे उत्तर इथे विटा-सिमेंटमध्ये उभे आहे. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन अतिरिक्त ठरत होती. कागदावर कायदा उत्तम. प्रत्यक्षात त्याच्या विसाव्या कलमाखाली सवलती वाटल्या जात होत्या आणि जमिनी मालकांकडेच राहत होत्या. मृणाल गोरे, बाबुराव सामंत, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने हा कायदा सरकारच्या अंगावर आणला: अतिरिक्त जमीन आहे, बेघर माणसे आहेत, तुमचाच कायदा आहे, मग घरे बांधू द्या. दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांच्या आसपास घरे त्यातून झाली. बाजारात ज्यांना कोणी दारात उभे केले नसते, अशा उत्पन्नाच्या माणसांची. चाळीतून आणि भाड्याच्या खोल्यांतून उठून मुंबईतच राहता येते, हे या इमारतींनी दाखवले. इथे कर्ता होता, नावानिशी होता.

पुढे हा कायदा गेला. केंद्राने तो १९९९मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७मध्ये. नागरी पुनर्निर्माणासाठी केंद्राचा निधी हवा तर कायदा रद्द करा, अशी अट होती. 'जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील' हे तेव्हाचे आश्वासन. जमीन मोकळी झाली. घरांचे काय झाले, ते दिंडोशीतल्या दोन भावांना विचारा.

गिरणगावाची गोष्टही अशीच तारखांनी सांगता येते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते, हे आपल्याला पाठ आहे, कारण तिथे शोकांतिका आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम मात्र आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब होता. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात अशी जमीन असते किती? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. फेकण्याची क्रिया या एका दुरुस्तीत जितकी झाली, तितकी शंभर बाबांनी खोल्या विकून झाली नसेल.

आणि ती संपलेली नाही. मार्च २०२४च्या शासन निर्णयाने गिरणी कामगार आणि वारस यांच्यासाठी जी घरे योजली, ती वांगणी आणि शेलू इथे. वांगणी बदलापूरच्या पुढचे स्थानक, शेलू त्याच्याही पुढचे. जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते मुंबईतच घर मागायला. शासन निर्णयाची भाषाही 'मान्यता देण्यात येत आहे' अशीच असते, पण तिच्याखाली निदान सही असते. 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' असते. आमच्या समीक्षेपेक्षा मंत्रालयातला कक्ष अधिकारी कर्त्याच्या बाबतीत अधिक काटेकोर, असे म्हणायची पाळी यावी!

इथे दोन आक्षेप येतील. पहिला अर्थशास्त्र वाचणाऱ्या मित्रांचा: १९४७च्या भाडे नियंत्रणानेच मुंबईतली भाड्याची घरे मारली, भाडे गोठल्यावर मालक दुरुस्ती कशाला करील आणि नवी चाळ कशाला बांधील? यात तथ्य आहे. पागडीचा जन्म त्यातूनच झाला आणि मोडकळीला आलेल्या इमारतींचाही. पण हेही कायद्याचेच, म्हणजे कोणाच्या तरी निर्णयाचेच फळ आहे. माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते.

दुसरा आक्षेप आपल्याच बिरादरीतला: डोंबिवली काय वाईट आहे? २०१७चे साहित्य संमेलन तिथेच झाले, ठाण्याने २०१०मध्ये ते भरवले, वाचक आणि नाटकाचा प्रेक्षक आता तिकडेच आहे. खरे आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. संमेलन माणसांमागे जाणारच. पण ही माणसे कामाला येतात मुंबईतच. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. तेव्हाच्या बातम्यांतही 'तोल गेला' असेच होते. तोल गेला. पुन्हा कर्ता नाही.

वाक्यातला कर्ता मोकळा ठेवला, की ती जागा रिकामी राहत नाही. आपण सोडलेल्या जागी रस्त्यावरचे राजकारण आपला कर्ता आणून बसवते: परप्रांतीय. दिंडोशीत हे किती हास्यास्पद आहे, ते टेकडीच्या उतारावर उभे राहिले की दिसते. जुलै २०१९मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली. तिथे राहणाऱ्यांनी कोणाचे घर बळकावले होते? त्यांना तर बदलापूरचाही हिशेब करता येत नव्हता.

आपल्या साहित्याने काही केले नाही, असे मी म्हणत नाही. नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये यांनी हे शहर खालून पाहिले. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये संपानंतरचे घर आतून कसे मोडते, ते आहे. तक्रार आहे ती आपल्या वाचनाविषयी. 'अधांतर' आपण करुणेसाठी शिकवतो, ५८व्या नियमाचा उल्लेखही न करता. 'बटाट्याची चाळ' तर आता निव्वळ गोड आठवण झाली आहे. मुलांना चाळ म्हणजे गॅलरी, गणपती आणि माणुसकी एवढेच कळते. जिने मोडकळीला का आले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही. (तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला बँक गृहकर्ज देत नाही, तेव्हा मात्र स्टाफरूममध्ये आपल्याला कर्ता बरोबर सापडतो. असो.)

नागरी निवाऱ्यावर मराठीत एखादी कादंबरी मला आढळलेली नाही. घर जाण्याचे आपल्याकडे एवढे वाङ्मय, आणि घर मिळवण्याचे हे असे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास माणसांना बोलते करून नोंदवला, तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी कोणीही मराठी विभागात नव्हत्या. आपल्याकडे दरवर्षी पदव्युत्तर वर्गांना प्रकल्पांचे विषय लागतात आणि दरवर्षी 'चाळजीवनाचे चित्रण' हाच विषय निघतो. नागरी निवाऱ्यात पहिल्यांदा राहायला आलेल्या सभासदांपैकी अनेकजण आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. अर्ज कसे भरले, मोर्चाला कोण कोण होते, पहिल्या वर्षी पाणी कुठून आणले, हे त्यांना आठवते. त्यांचे मुलगे हिशेब करत आहेत आणि काही घरांवर दलालाची पाटी लागली आहे. दिंडोशी मेट्रो स्थानकावरून रिक्षाने फार वेळ लागत नाही.