संगणक शिकायला इंजिनिअरिंगच हवे का?

बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी घरांत एकच प्रश्न विचारला जातो : इंजिनिअरिंगला कुठे नंबर लागला? मुलाला संगणकात गती असेल तर दुसरा मार्गच नाही, अशी आपली पक्की समजूत. मग खासगी कॉलेजची भरमसाट फी, शैक्षणिक कर्ज आणि हप्ते. बँकेच्या काउंटरवर हे दर जून महिन्यात दिसते. कला, विज्ञान, वाणिज्य एकत्र नांदतात अशा कॉलेजातही संगणकशास्त्र उत्तम शिकता येते, हे कुणी सांगतच नाही.

अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. तेथील लिबरल आर्ट्स कॉलेजात विद्यार्थी एक विषय मुख्य घेतो, पण जोडीला साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञानही शिकतो. ग्रेस हॉपर अशाच व्हासार कॉलेजातून १९२८ साली गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. संगणकाला माणसाच्या भाषेतील शब्दांनी आज्ञा देता याव्यात, हा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या कामाच्या पायावर १९५९ साली कोबोल ही संगणकभाषा उभी राहिली आणि जगभरच्या बँकांचे हिशेब तिने अनेक दशके सांभाळले. डार्टमथ कॉलेजात केमेनी व कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ साली बेसिक ही सोपी भाषा तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून.

आता आपल्या मराठीकडे वळू. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हा फरक न कळणारा प्रोग्रॅमर मराठीचे शुद्धलेखन तपासणारे किंवा भाषांतर करणारे साधन कसे घडवणार? नुसता मराठीचा पदवीधरही ते करू शकणार नाही. दोन्ही जाणणारा माणूस हवा. आज तर साधा प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते. तो कुणासाठी लिहायचा आणि कुठे चुकला, हे ओळखायला वाचन, विचार आणि नेमके लिहिणे लागते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोकरभरतीसाठी मोठ्या कंपन्या बहुधा आधी इंजिनिअरिंग कॉलेजांकडेच वळतात. लहान कॉलेजात संगणकाचे प्रगत विषय कमी असतात. काही खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांची फी तर इंजिनिअरिंगलाही मागे टाकते. तेव्हा कर्ज काढून तिकडे धावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

आपल्या दारातच १९४९ साली स्थापन झालेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. कला, विज्ञान, वाणिज्य, ललितकला आणि तंत्रज्ञान अशा सर्व विद्याशाखा तेथे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखाशाखांतील भिंती काढण्याचे तत्त्वही मान्य केले आहे. ते तत्त्व वेळापत्रकात उतरले पाहिजे. मराठी घेणाऱ्याला संगणकशास्त्र आणि संगणक शिकणाऱ्याला मराठी, जोडविषय म्हणून विनासायास मिळावा, असे निवेदन आपल्या मंडळाने कुलगुरूंना द्यावे.

मात्र निवेदनाने वर्ग भरत नाहीत. विद्यार्थी नाहीत म्हणून विषय बंद होतो आणि विषय नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. समाजबांधवहो, यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना निदान एका रकान्यात मुलाच्या आवडीचा दुसरा विषय लिहू द्या. मागणी केल्याशिवाय आपल्याला काहीच मिळालेले नाही, हे सीमेबाहेरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.