आई कळा विसरते, हे कोणी ठरवलं?



गोदभराई असो की बारसं, एक वाक्य हमखास कानावर पडतं. पहिलटकरीण घाबरलेली असते आणि कोणीतरी मोठी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "काही नाही गं, बाळाचं तोंड पाहिलं की सगळ्या कळा विसरशील." म्हणणारीचा हेतू चांगलाच असतो. पण वाक्य खरं नाही, आणि ते आपण बायांनीच आता बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या महिला मंडळातल्या सत्तरीच्या एखादीला विचारून बघा. सकाळी चष्मा कुठं ठेवला ते तिला आठवणार नाही. पण कळा कधी सुरू झाल्या, बाहेर पाऊस होता की ऊन, दवाखान्यात कशानं नेलं, सोबत कोण होतं, सगळं सांगेल.

दुखणं जसंच्या तसं अंगात परत येत नाही, हे मान्य. पण मी कॉमर्सची पदवीधर आहे. खातं बंद करणं वेगळं आणि नोंद खोडणं वेगळं. आई खातं बंद करते. नोंद वहीत राहतेच.

स्वीडनमध्ये उल्ला वाल्डेनस्ट्रॉम यांनी तेराशेहून जास्त बायांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी, एका वर्षानं आणि पाच वर्षांनी कळांबद्दल विचारलं. २००९ साली तो अभ्यास छापून आला. पाच वर्षांनी सुमारे ४९ टक्के बायांना त्रास आधीपेक्षा कमी वाटला, ३५ टक्क्यांना तेवढाच आणि १६ टक्क्यांना उलट जास्त. म्हणजे निम्म्या बायांची आठवण जरासुद्धा फिकी झाली नव्हती. ज्यांचं एकूण बाळंतपणच वाईट गेलं होतं, त्यांचं दुखणं आठवणीतही कमी झालं नव्हतं. अमेरिकेतल्या पेनी सिमकिन यांनी पंधरा-वीस वर्षांनंतर बायांशी बोलून पाहिलं. तेव्हा डॉक्टर आणि नर्स कशा वागल्या, काय बोलल्या, हेही त्यांना स्पष्ट आठवत होतं.

माझंच सांगते. पहिल्या बाळंतपणाला आता चाळीस वर्षं होतील. कळा किती जोराच्या होत्या ते आज सांगता यायचं नाही. पण ओरडले म्हणून तिथल्या एका बाईनं जे लाज आणणारं बोलणं ऐकवलं, ते शब्दन् शब्द पाठ आहे. दुसऱ्या वेळी एका आयाबाईनं रात्रभर कंबर चोळून दिली. तो हातही तितकाच आठवतो.

"विसरत नसती तर दुसरं मूल कोण होऊ देईल?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. एक तर आपल्या काळात दुसऱ्यासाठी आपल्याला विचारलं होतं कोणी? आणि दुसरं, अठ्ठाई करणारी बाई पुढच्या वर्षी पुन्हा अठ्ठाई करते. ती काय मधल्या दिवसांतला सुकलेला घसा विसरलेली असते? तिला सगळं ठाऊक असतं आणि तरी ती पच्चक्खाण घेते. म्हणून तर आपण तिचा वरघोडा काढतो, तिला पारणं करवतो. तपस्विनीला आपण "विसरशील" असं म्हणत नाही. मग आईलाच का? मात्र तप आपल्या इच्छेनं घेतात. दुसरीवर लादलेल्या दुखण्याला तप म्हणू नये.

काही जणी याच्याही पुढं जातात. "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, सोसायचं." हे आपल्या स्वतःच्या दुखण्याला म्हणावं, त्यानं समता येते. कण्हणाऱ्या दुसरीला म्हणू नये. आणि तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख देणं, शोक करायला लावणं, रडवणं, यानंच असाता वेदनीय बांधलं जातं, असं तिथं सांगितलं आहे. म्हणजे कळा सोसणारीचं कर्म मोजताना तिला टोचून बोलणारी आपल्या खात्यात काय जमा करते, तेही बघायला हवं.

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. आपल्या हालचालीनं आईला त्रास होऊ नये म्हणून प्रभू महावीर गर्भातच स्थिर राहिले. पण हालचाल थांबली म्हणून त्रिशलामाता शोकानं व्याकूळ झाल्या, तेव्हा प्रभू पुन्हा हलले. तीर्थंकरांनी जन्माआधी आईच्या वेदनेचा विचार केला आणि आपण तिला "विसर" म्हणतो!

आणि आपल्या भंडाऱ्यात तरी हे वाक्य कसं उच्चारवतं? ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सात बाळं वाचली, दहा गेली. त्या बाळांच्या आयांनीही कळा सोसल्याच होत्या. बाळाचं तोंड पाहून सगळं विसरतं, हे त्यांच्यासमोर म्हणायची आपली हिंमत आहे का? मूल गेलेल्या, पोटातच गमावलेल्या बाया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्या गोदभराईत मागे बसून हेच वाक्य ऐकत असतात.

या वाक्याचं खरं नुकसान पुढं होतं. विसरायचंच आहे तर सोबत कशाला, वेदना कमी करायचा उपाय कशाला, दोन गोड शब्द तरी कशाला? सरकारनं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू द्यावी असं सांगितलं आहे. आणि ती कोण असावी? जिनं स्वतः कळा अनुभवल्या आहेत अशी बाई. बाया विसरत असत्या, तर अशा बाईचा उपयोग काय झाला असता?

तेव्हा पुढच्या गोदभराईला सुनेला, लेकीला "विसरशील" म्हणू नका. "दुखेल, पण मी जवळ असेन," एवढं म्हणा. नववा महिना लागायच्या आधी दवाखान्यात जाऊन दोन गोष्टी विचारा: आत सोबत कोणाला येता येईल, आणि कळा कमी करायला काय मिळतं. तिनं उपाय मागितला तर "आमच्या वेळी नव्हतं" असं म्हणून तिला खाली पाहायला लावू नका. आणि जिची आई अजून आहे, तिनं आज संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर आईला विचारावं, "माझ्या वेळी तुला काय झालं होतं गं?" आणि मधे न बोलता ऐकावं.